चोरकप्पा फोडण्याआधी मोजा

नागपूरच्या महाल भागातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांचे आजोबा इतवारीत एका सराफी पेढीवर दिवाणजी होते. त्यांची सागवानी लिखाणाची पेटी घरात जपून ठेवलेली आहे. कोपऱ्यांना पितळी पट्ट्या आहेत आणि उघडली की बनात (जाड लोकरी कापड) लावलेलं उतरतं मेज तयार होतं. पेटी हलवली की आत काहीतरी खुळखुळतं, पण कप्पे सगळे रिकामे. ओळखीच्या वाढईने, म्हणजे सुताराने, "तळ खोलून देतो" म्हटलं. जुनं सामान घेणाऱ्या एकाने तर न उघडताच भाव सांगितला. त्यातच ताईंनी बर्लिनच्या संग्रहालयातल्या त्या कपाटाचा व्हिडिओ पाहिला, किल्ली फिरवली की एकामागून एक कप्पे आपोआप बाहेर येतात तो. त्या विचारतात, आमच्या पेटीत असं काही असेल का, ते फोडल्याशिवाय कसं कळेल, आणि अशा वस्तूत पाहायचं तरी काय?

ताई, सगळ्यात आधी एक गोष्ट. तळ खोलू देऊ नका. मी तीस वर्षांहून जास्त काळ नागपुरात जुन्या लाकूडसामानाची दुरुस्ती करतो आणि चोरकप्प्याच्या पेट्या बऱ्याच हाताळल्या आहेत. चोरकप्पा हा रोज वापरायचा कप्पा असतो. तुमच्या आजोबांना तो रात्री कंदिलाच्या उजेडात, हातात कुठलंही हत्यार नसताना, घटकाभरात उघडून पुन्हा बंद करता यायला हवा होता. म्हणून बनवणाऱ्याने उघडण्याची वाट बाहेरूनच ठेवलेली असते आणि ती बोटांनीच उघडते. पटाशी लागतेय असं वाटलं तर समजा की वाट अजून सापडलेली नाही.

आता मोजायला घ्या. एक पोलादी फूटपट्टी आणि एक जाड पोस्टकार्ड पुरे. पेटी टेबलावर ठेवून पूर्ण उघडा. ज्या अर्ध्या भागात दौतीचे चौकोनी खण आणि टाक ठेवायची पन्हळ आहे, त्या भागाची बाहेरून उंची घ्या. मग दौतीच्या खणाची आतली खोली घ्या. आम्ही सूतात मोजतो, आठ सूत म्हणजे एक इंच. समजा बाहेरची उंची चार इंच, म्हणजे बत्तीस सूत. तळाची फळी तीन सूत आणि दौतीच्या खणाची खोली पावणेदोन इंच, म्हणजे चौदा सूत. बत्तीसातून सतरा गेले, पंधरा उरले. दौतीच्या खणाखालच्या फळीला दोन सूत सोडा, तरी तेरा सूत जागेचा हिशेब लागत नाही. दीड इंचाहून जास्त पोकळी कोणी विनाकारण ठेवत नाही. दौतीचा खण उथळ का, याचं उत्तर त्याच्या खाली आहे.

अशीच मोजणी लांबीत आणि रुंदीतही करा. दोन खण शेजारी शेजारी असतील तर दोन्ही बाहेर काढून एकमेकांना भिडवून पाहा. एक आखूड निघाला तर त्याच्या मागे काहीतरी आहे. हा सगळ्यात जुना आणि सगळ्यात सोपा प्रकार आहे, आणि तरीही लोक फसतात, कारण खण आपण समोरून बघतो, त्याची लांबी कोणी बघत नाही.

विलायती घडणीच्या लिखाणाच्या पेट्यांमध्ये, आणि त्या बघून आपल्याकडच्या कारागिरांनी बनवलेल्यांमध्येही, चोरकप्प्याची एक ठरलेली जागा असते. तुमच्या वर्णनावरून तुमची पेटी त्याच जातीची वाटते. दौतीच्या बाजूची बनातीची झडप उचला. तिच्याखाली कागद ठेवायची पोकळी असते. त्या पोकळीत वाकून दौतीच्या खणांच्या बाजूला पाहा. खणांच्या खाली एक पातळ उभी फळी दिसेल, अगदी साधी, कोणाचं लक्ष जाणार नाही अशी. ती फळी म्हणजे दार. आता दौतीच्या खणांमधली आडवी पट्टी दोन बोटांत धरून सरळ वर उचला. हलकेच. दुसऱ्या हाताचा तळवा त्या उभ्या फळीसमोर धरून ठेवा, नाहीतर ती उडून कुठेतरी आपटते. पट्टी सूत-दोन सूत वर आली की आतून "टक्" असा आवाज येतो आणि फळी पुढे येते.

हे कसं घडतं ते सांगतो, कारण ते कळलं की पेटीकडे बघायची नजरच बदलते. फळीच्या मागे एक वाकवलेलं पोलादी पातं असतं. घड्याळात कमान असते तसंच, फक्त लांबट. ते फळीला सतत पुढे ढकलत असतं. फळीच्या वरच्या कडेला एक बारीक खाच असते आणि दौतीच्या खणातल्या त्या पट्टीचं खालचं टोक बरोबर त्या खाचेत बसतं. पट्टी जागेवर आहे तोवर फळी अडकून राहते. पट्टी उचलली की अडसर निघतो आणि पातं आपलं काम करतं. म्हणजे दौतीचा खण दुभागणारी पट्टी हीच कळ. ती सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहे, तिचं दुसरं कामही खरं आहे, त्यामुळे तिच्यावर संशय येत नाही. पेटी बनवणाऱ्याचं डोकं इथे दिसतं. लपवलेली कळ कधीतरी सापडते, पण जी लपवलेलीच नाही ती कोण शोधणार?

मागच्या हिवाळ्यात धंतोलीतल्या एका घरातली अशीच पेटी माझ्याकडे आली होती. फळी निघाल्यावर मागे तीन बारीक खण होते, प्रत्येकाला ओढायला लाल फितीची गाठ. खण शिवणीच्या लाकडाचे होते, हलके आणि फिकट. वास मात्र इतक्या वर्षांनीही शाईचा येत होता. पहिला रिकामा निघाला. दुसऱ्यात घडी घातलेला हिशेबाचा कागद. तिसऱ्यात सात गुंजा, लाल बी आणि काळा डोळा, जशा वेलीवरून तोडाव्या तशा ताज्या. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा, म्हणजे एका तोळ्याच्या शहाण्णव गुंजा. या सात गुंजांमुळे घरच्यांना पहिल्यांदा कळलं की पणजोबा हिशेब लिहायचे आणि सोनंही तोलायचे. तुमच्या पेटीत जे खुळखुळतंय ते काय असेल हे मी सांगू शकत नाही, पण पेटी सराफी पेढीवरची आहे म्हटल्यावर मला त्या गुंजाच आठवल्या.

पट्टी उचलली जात नसेल तर जोर लावू नका. टाकाची पन्हळ बाजूला सरकते का, वर निघते का, ते बघा. पितळी पट्ट्यांवरचे खिळे आणि स्क्रू एकेक करून बोटाने दाबून पाहा. एखादा नुसता दिखाव्याचा असतो आणि दाबला की आत जातो. एक छोटं लोहचुंबक घेऊन फळ्यांवरून सावकाश फिरवा. जिथे बाहेर लोखंड दिसत नाही पण चुंबक ओढलं जातं, तिथे आत पातं किंवा पोलादी खिट्टी आहे. मोबाइलचा टॉर्च फळीला अगदी चिकटवून आडवा धरला तर बोटांच्या सततच्या स्पर्शाने झिजलेली, जरा जास्त चकाकणारी जागा दिसते. शंभर वर्षं कोणीतरी तिथेच बोट ठेवत आलेलं असतं. आणि शेवटी पोस्टकार्ड. ज्या फटीत ते सहज जातं आणि एका ठिकाणी अडतं, तिथे अडसर असण्याची शक्यता आहे.

एक प्रकार आहे खिट्टीचा, आणि त्याने मला आयुष्यभराचा धडा दिला. लाकडात एक उभं भोक, त्यात एक सैल खिट्टी. पेटी सरळ असली की खिट्टी स्वतःच्या वजनाने खाली येते आणि खणाला अडवते. पेटी एका बाजूला कलती केली की खिट्टी मागे जाते आणि खण मोकळा होतो. कळ नाही, पातं नाही, किल्ली नाही. मी तेव्हा पंचविशीत होतो. एका घरातलं मेज दुरुस्तीला आलं होतं, त्यात बंद खण होता. मी दोन तास सगळं दाबून पाहिलं, मग धीर सुटला आणि पटाशीने खणाच्या खालची पट्टी उचकटली. ती पट्टी म्हणजे लाकडाचंच पातं होतं, पातळ तासून वाकवलेलं, दुसऱ्या खणाला अडवणारं. ते मोडलं. आणि खिट्टीचा खण मेज कलतं करताच सरकन बाहेर आला. माझे उस्ताद उमरेडकडचे, अस्सल वऱ्हाडी बोलायचे. ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "काहून जोर लावतं बाप्पा? बनवणाऱ्यानं जोर नसन लावला, त्यानं बोट लावलं असन." त्या मोडलेल्या पात्याचा तुकडा मी अजून हत्यारांच्या पेटीत ठेवला आहे. नवीन पातं मी बसवून दिलं, चालतंही, पण ते माझं आहे. जुन्या माणसाचं गेलं ते गेलंच.

लाकडाचं पातं म्हणजे फार सुंदर गोष्ट. सरळ रेषेच्या लाकडाची पातळ चीप तासायची, एक टोक खणाच्या तळाला बसवायचं, दुसरं मोकळं ठेवायचं. खण आत ढकलताना चीप दबते, आत गेला की उसळून अडते. बाहेर काढायचा तर खालून बोट घालून ती दाबायची. लोखंड नाही म्हणून गंज नाही, चुंबकालाही कळत नाही. युरोपातल्या अठराव्या शतकातल्या मेजांमध्ये हा प्रकार नेहमी सापडतो. त्याच मेजांच्या मधल्या छोट्या दाराच्या दोन्ही बाजूंना अर्धे खांब असतात, नुसती नक्षी वाटावी असे. ते खांब पुढे ओढले की कागद उभे ठेवायच्या अरुंद पेट्या निघतात.

आता तुमच्या व्हिडिओतलं कपाट. ते जर्मनीत ऱ्हाइन नदीकाठच्या नॉयवीड गावी रोंटगेन बापलेकांच्या कारखान्यात घडलं. बाप अब्राहम, मुलगा डेव्हिड. कपाटाचा काळ १७७८-७९, उंची सुमारे साडेतीन मीटर, म्हणजे आपल्या घराच्या छताला लागेल एवढी. पुढे प्रशियाचा राजा झालेल्या फ्रेडरिक विल्यम दुसरा याच्याकडे ते होतं आणि आज बर्लिनच्या उपयोजित कलांच्या संग्रहालयात आहे. त्यात घड्याळ आहे, वाद्य आहे, उलगडणारं मेज आहे, आणि किल्लीच्या वेगवेगळ्या वळशांना वेगवेगळे दरवाजे उघडतात. लोक ते पाहून "जादू" म्हणतात. मी ते पाहतो तेव्हा मला दोन माणसं एका बाकावर बसलेली दिसतात, एक सुतार आणि एक घड्याळजी. घड्याळजीचं नाव पेटर किन्झिंग. लाकडाची कामं रोंटगेनची, कमानी, वजनं, दोऱ्या आणि दातेरी चाकं किन्झिंगची. याच दोघांच्या कामातून फ्रान्सच्या राणी मारी आंत्वानेतकडे गेलेली संतूरसारखं वाद्य वाजवणारी यांत्रिक बाहुली १७८४ मध्ये झाली. ती आज पॅरिसच्या तंत्रकलांच्या संग्रहालयात आहे. बाहुलीचे हात खरोखर तारांवर हातोड्या मारतात.

त्याआधीचं आणखी एक काम सांगतो, कारण मला ते बर्लिनच्या कपाटाहूनही मोठं वाटतं. फ्रान्सचा राजा पंधरावा लुई याचं मेज. जाँ-फ्रांस्वा एबेन याने १७६० मध्ये सुरू केलं, तो १७६३ मध्ये वारला आणि त्याच्याच कारखान्यातल्या जाँ-आँरी रिझनेर याने १७६९ मध्ये पुरं केलं. नऊ वर्षं. वरची गुंडाळणारी झडप आणि सगळे खण एकाच किल्लीच्या छोट्याशा वळशाने बंद होतात. इथे कप्पे उसळून बाहेर येत नाहीत, बघणाऱ्याला थक्क करायचा प्रयत्न नाही. पण एका किल्लीने इतके अडसर एकाच वेळी बरोबर बसणं म्हणजे आतल्या प्रत्येक लाकडाची हालचाल बनवणाऱ्याने आधीच ओळखलेली होती. आम्हा काम करणाऱ्यांना कौतुक त्याचं वाटतं.

जपानात वेगळीच वाट. हाकोने या डोंगराळ भागात बनणाऱ्या गुप्त पेट्यांना ना किल्ली ना पातं. बाजूच्या फळ्या ठरलेल्या क्रमाने थोड्या थोड्या सरकवायच्या, एक सरकली की दुसरीला वाट मिळते. एक पाऊल चुकलं की पुढचं अडतं. आणि त्यांच्या जहाजांवरच्या पेट्या तर बाहेरून कठीण केयाकी लाकूड आणि लोखंड, आत हलक्या किरी लाकडाचे खण. नाखव्याचे कागद, शिक्के, पैसे त्यात. फुगून घट्ट बसणारं लाकूड आत वापरायचं, म्हणजे पाणी लागलं तरी आतलं कोरडं. आपल्याकडे शिवण जे काम करते त्याच्याशी याचं नातं आहे.

नागपुरात या वस्तू आल्या कुठून, असं लोक विचारतात. भोसल्यांच्या काळी लाकूडकामाला इथे मोठा मान होता. महालातला जुना राजवाडा नक्षीदार लाकडाने भरलेला होता, तो १८६४ च्या आगीत गेला, नगारखाना तेवढा उरला. त्याच्या दहा वर्षं आधीची गोष्ट तर घराघरांत सांगितली जायची. १८५३ च्या डिसेंबरात तिसरे रघूजी गेले, पुढच्या वर्षी राज्य खालसा झालं. राजवाड्यातलं जवाहीर कलकत्त्याला नेऊन लिलावात विकलं. सीताबर्डीला हत्ती-घोडे विकले गेले. ज्या शहराने हे डोळ्यांनी पाहिलं, त्या शहरातल्या घरांनी भिंतीत, बळदात, पेटीत चोरजागा ठेवल्या यात नवल काय. पुढे १८६१ मध्ये नागपूर मध्य प्रांताची राजधानी झाली आणि १८६७ मध्ये मुंबईची रेल्वे इथवर आली. साहेब लोक आले, त्यांच्याबरोबर प्रवासी मेजं, लिखाणाच्या पेट्या आल्या. बदली झाली की सामान लिलावात निघायचं आणि इतवारीच्या पेढीवर जाऊन बसायचं. इथल्या वाढयांनी ते पाहिलं आणि बल्लारशाकडच्या सागवानात तसंच केलं, कधी त्याहून नेटकं. मारवाडी घराण्यांबरोबर आलेले पितळ मढवलेले पेटारे वेगळे, त्यांत चोरकप्पा बहुधा झाकणात किंवा तळाच्या पट्टीत असतो. आणि ही सवय अजून मेलेली नाही. तुमच्या घरातल्या लोखंडी कपाटाच्या लॉकरमध्ये खाली हात घालून पाहा, तिथेही बहुधा चोरकप्पा असतो.

वय ओळखायला कुलूप आणि स्क्रू बघा. नळीसारखी लहान किल्ली, टोकाला बारीक खाचा, असं असेल तर ते ब्रामा या इंग्रज कुलूपकाराच्या धाटणीचं कुलूप. त्याचं पेटंट १७८४ चं. चब कुलपाचं १८१८ चं. कुलपाच्या पट्टीवर मुकुट आणि व्ही आर ही अक्षरं असतील तर राणी व्हिक्टोरियाचा काळ, १८३७ ते १९०१. स्क्रू बाहेर काढला आणि टोक बोथट निघालं तर तो बहुधा १८५० च्या आधीचा, कारण टोकदार स्क्रू यंत्रावर मोठ्या प्रमाणात बनू लागले ते १८४० च्या दशकात. पण स्क्रू काढून बघायचा सोस करू नका. एक काढला की त्याचा आटा सैल होतो. डव्हटेलचे सांधे (पारव्याच्या शेपटीसारखे दात एकमेकांत बसवलेले) बघितले तरी पुरतं. हाताने कापलेल्या सांध्यात दात सारखे नसतात, एक जरा रुंद, एक जरा तिरका, आणि आखणीची बारीक रेघ अजून दिसते. यंत्राचे सगळे एका मापाचे.

हे सगळं सांगण्यामागे आणखी एक कारण आहे. आता चोरकप्प्याला भाव आला आहे, म्हणून काही विक्रेते साध्या पेटीत नवीन चोरकप्पा बसवून विकतात. ओळखायचं कसं? आतलं लाकूड वास देतं. सागवान जुनं झालं की त्याचा चामड्यासारखा तीव्र वास मंदावतो. नव्या फळीला चहाचं पाणी लावून रंग आणला तरी वास राहतो. कळीजवळ झीज नसते. कोपऱ्यात शाईचा डाग नाही, धूळ नाही, फितीचा धागा नाही. वापरलेला कप्पा इतका स्वच्छ नसतो.

आता नागपूरच्या हवेबद्दल, कारण इथली निम्मी बिघडलेली कामं हवेमुळेच माझ्याकडे येतात. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीच्या पुढे आणि हवा कोरडीठाक. ऑगस्टमध्ये तीच हवा ओलावा ओलावा. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत हलतं. सागवान त्यातल्या त्यात कमी, तरी फूट-दीड फूट रुंद फळी उन्हाळा-पावसाळ्यात सूतभर इकडेतिकडे होते. चोरकप्प्याची फट असते अर्ध्या सूताची. म्हणून पावसाळ्यात उघडत नाही म्हणून तो बिघडला असं समजू नका. आणि उन्हाळ्यात सहज उघडतो म्हणून तेव्हाच तासून घट्ट करू नका, श्रावणात तो जन्मठेप भोगेल. अशा पेट्यांचं काम मी दिवाळीपासून होळीपर्यंतच करतो. पेटी कूलरसमोर कधीच ठेवू नका. दिवसभर ओली हवा, रात्री कूलर बंद, पहाटे कोरडी, हे रोजचं फुगणं-आक्रसणं पातळ फळीला तडा देतं आणि जुना सरस सोडवतं.

सरसाचा विषय निघाला म्हणून सांगतो. जुने सांधे जनावरांच्या चामड्या-हाडांपासून केलेल्या सरसाने चिकटवलेले असतात. हा सरस कोमट पाण्याने आणि उष्णतेने पुन्हा मोकळा होतो. पुढच्या माणसाला दुरुस्ती करता यावी ही सोय त्यात आपोआप आहे. फेव्हिकॉल किंवा इपॉक्सी लावलं की ती सोय कायमची संपते. मोडलं तरी चालेल, पण सैल झालेला सांधा सरसानेच बसवायला सांगा. बाहेरचं पॉलिश बहुधा चपडा लाखेचं असतं. त्यावर पॉलीयुरेथेनचा थर चढवायला कोणी सांगितलं तर नम्रपणे नकार द्या. पितळेला भांडी घासायची पावडर किंवा चिंच लावू नका, आम्ल पट्टीच्या कडेने लाकडात उतरतं आणि काळी रेघ कायमची बसते. कोरड्या सुती फडक्याने पुसा. खण अडतो तिथे खोबरेल किंवा मशीनचं तेल घालायची तर अजिबात चूक करू नका. तेल धूळ धरतं आणि लाकूड फुगवतं. कोरडी मेणबत्ती धावेवर, म्हणजे खण सरकतो त्या पट्टीवर, दोनदा घासा, पुरे. कुलूप जड असेल तर किल्लीवर शिसपेन्सिल घासून घाला.

कप्पा उघडला तर आतल्या वस्तूंना हात लावण्याआधी फोटो घ्या, कुठे काय होतं त्याचा. कागद असेल तर घडी उलगडू नका, आधी काही दिवस घरातल्या हवेत तसाच राहू द्या, मग सावकाश. अक्षर कळलं नाही तर घाबरू नका, पेढ्यांचे हिशेब मोडीत किंवा मारवाडी पेढी असेल तर महाजनी लिपीत असायचे. मोडी वाचणारी माणसं नागपुरात अजून आहेत. कायद्याचंही थोडं ध्यानात ठेवा. पुरातन वस्तू व कलानिधी अधिनियम, १९७२ प्रमाणे शंभर वर्षं पुरी झालेली अशी वस्तू पुरातन ठरू शकते, ऐतिहासिक वा साहित्यिक मोलाचे हस्तलिखित कागद पंचाहत्तर वर्षांतच. घरात ठेवायला अडचण नाही, पण देशाबाहेर पाठवता येत नाही आणि त्यांचा व्यापार करायला परवाना लागतो. पेटीवर हस्तिदंताची पच्चीकारी असेल तर वन्यजीव कायदा लागतो, ती विकायचा विचारही नको.

ज्याने न उघडता भाव सांगितला त्याला आत्ता काहीच उत्तर देऊ नका. न मोजता किंमत करणारा एकतर वस्तू ओळखत नाही किंवा फार चांगली ओळखतो.

पट्टी वर येत नसेल आणि बाकीचं सगळं करून झालं असेल तर दिवाळीनंतर पेटी घेऊन या. हवा बसलेली असते तेव्हा निम्म्या पेट्या स्वतःच वाट देतात. मात्र मोजमापाचा कागद बरोबर आणा, तीनही बाजूंचा, सूतात लिहिलेला.